कंपायलरचा इशारा आणि चाचणीची साक्ष

भाषांतरकाराने मूळ लेखकाच्या वाक्याविषयी शंका काढावी की नाही, हा प्रश्न ग्रंथांच्या जगात जुना आहे. संगणकाच्या जगात तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने उभा राहिला. माणसाने आपल्या सोयीच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरविण्याचे काम जो प्रोग्राम करतो, त्याला कंपायलर म्हणतात. म्हणजे तो एक भाषांतरकारच होय. मूळ मजकूर व्याकरणाने अशुद्ध असेल, तर तो भाषांतर नाकारतो. त्याला चूक म्हणतात. परंतु मजकूर व्याकरणाने शुद्ध असून अर्थाने संशयास्पद असेल, तर तो भाषांतर पुरे करतो आणि सोबत एक टीप जोडतो, की येथे लिहिणाऱ्याच्या मनात खरोखर हेच होते काय? ह्या टिपेला इशारा म्हणतात. ह्या इशाऱ्याचे काय करावयाचे, ह्यावर गेली पन्नास वर्षे वाद चालू आहे. आणि ज्या मजकुराचे कामच दुसऱ्या प्रोग्रामाची परीक्षा घेणे आहे, त्या चाचणीच्या मजकुरात तर तो वाद अधिकच बिकट होतो.

प्रारंभीच्या काळात अशा टिपांना फारशी जागा नव्हती. १९५७ साली आयबीएम कंपनीच्या जॉन बॅकस ह्यांच्या मंडळाने फोर्ट्रान भाषेचा कंपायलर ग्राहकांच्या हाती दिला, तेव्हा आज्ञा छिद्रे पाडलेल्या कार्डांवर लिहिल्या जात आणि यंत्राचा वेळ अतिशय महाग असे. भाषांतर होते की नाही आणि झालेले भाषांतर वेगाने चालते की नाही, हीच मुख्य चिंता होती. पुढे १९७०च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांत युनिक्स ही कार्यप्रणाली आकाराला आली. तिच्यासाठी डेनिस रिची ह्यांनी सी ही भाषा घडविली आणि १९७३ साली युनिक्सचा गाभा ह्या भाषेत पुन्हा लिहिला गेला. सी भाषेचा स्वभाव लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवण्याचा. स्मृतीतील कोणत्याही जागेकडे बोट दाखविण्याची, एका जातीची संख्या दुसऱ्या जातीच्या पेटीत ओतण्याची मुभा तिने दिली. यंत्राच्या इतक्या जवळ जाऊन काम करावयाचे, तर अशी मुभा लागतेच. परंतु त्याच मुभेमुळे व्याकरणाने निर्दोष आणि परिणामाने घातक अशी वाक्ये लिहिणेही सोपे झाले.

ह्या अडचणीवर बेल प्रयोगशाळांतीलच स्टीफन जॉन्सन ह्यांनी १९७८च्या सुमारास एक तोड काढली. तिचे नाव लिंट. कपड्यावर जमणाऱ्या बारीक तुसांना इंग्रजीत जो शब्द आहे, तोच त्यांनी आपल्या प्रोग्रामास दिला. कंपायलरने भाषांतर वेगाने करावे आणि संशयाचे काम लिंटने सवडीने, सर्व मजकूर एकत्र पाहून करावे, अशी ही कामाची वाटणी होती. लिंटमध्ये आणखी एक गोष्ट होती, आणि पुढील सगळ्या इतिहासाचे बीज तिच्यात आहे. काही ठिकाणी लिंटची शंका निराधार असणार, हे जॉन्सन जाणून होते. म्हणून मजकुरातच एक ठराविक शेरा लिहून त्या एका जागेपुरते लिंटला गप्प करण्याची सोय त्यांनी ठेविली. येथपर्यंत अंमल पोहोचत नाही, ह्या फंक्शनाला दिलेल्या काही गोष्टी जाणूनबुजून वापरलेल्या नाहीत, अशा अर्थाचे ते शेरे होते. शेरा वाचणाऱ्या माणसाला कारण कळे आणि यंत्राला मौनाची आज्ञा मिळे. इशारा बंद करावयाचाच असेल, तर तो कोठे व का बंद केला, हे त्याच जागी लिहून ठेवावे, हा शिष्टाचार तेथे सुरू झाला.

१९८७ साली रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी ग्नू प्रकल्पाचा सी कंपायलर प्रसिद्ध केला. पुढील काळात लिंटचे बरेचसे काम कंपायलरांनीच आपल्याकडे घेतले. इशाऱ्यांची संख्या वाढत गेली, तशी त्यांना चालू आणि बंद करण्याच्या कळांचीही वाढली. ह्यांतील दोन कळा प्रसिद्ध आहेत. पहिलीला डब्ल्यू-ऑल म्हणतात. नावावरून ती सर्व इशारे चालू करीत असेल असे वाटते, पण ती तसे करीत नाही. दुसरी डब्ल्यू-एरर, ती प्रत्येक इशाऱ्याला चुकीचा दर्जा देते आणि इशारा निघताच भाषांतर थांबविते. पहिल्या कळीच्या नावाने होणारी दिशाभूल किती महाग पडते, हे फेब्रुवारी २०१४मध्ये दिसले. ॲपल कंपनीच्या यंत्रांतील सुरक्षित दळणवळणाच्या मजकुरात एक उडी मारण्याची आज्ञा चुकून दोनदा लागोपाठ लिहिली गेली होती. तिच्यामुळे पुढील तपासणीपर्यंत अंमल पोहोचतच नव्हता आणि खोटी सही खरी म्हणून स्वीकारली जात होती. अंमल न पोहोचणाऱ्या मजकुराविषयी इशारा देण्याची शक्ती त्या काळच्या क्लँग कंपायलरमध्ये होती; पण ती डब्ल्यू-ऑलमध्ये समाविष्ट नव्हती. पुढे २०१६ साली ग्नू कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत, ओळींची मांडणी अर्थाविषयी दिशाभूल करीत असल्यास इशारा देण्याची सोय झाली, आणि ती मात्र डब्ल्यू-ऑलमध्ये घेण्यात आली. ह्या प्रसंगाचा दुसरा धडा चाचणीविषयी आहे. खोटी सही पुढे करून ती नाकारली जाते की नाही, एवढे पाहणारी एक साधी चाचणी असती, तर तिनेही हा दोष पकडला असता.

चाचणीचा मजकूर म्हणजे काय, हे येथे नीट पाहिले पाहिजे. मुख्य प्रोग्रामातील एखाद्या फंक्शनाला ठरलेली मूल्ये द्यावयाची, अपेक्षित उत्तर येते काय हे ताडून पाहावयाचे, आणि न आल्यास ओरड करावयाची, हे त्याचे काम. तो ग्राहकाच्या हाती जात नाही. म्हणून त्याच्याविषयी एक प्रकारची बेफिकिरी पुष्कळ ठिकाणी आढळते. मुख्य मजकुरातील इशारे काटेकोरपणे दूर करावयाचे आणि चाचणीच्या कप्प्यात मात्र सगळे इशारे एका कळीने बंद करून टाकावयाचे, अशी ती वहिवाट. तिच्यामागे एक खरे कारणही आहे. चाचणीला मुद्दाम चुकीचे वागावे लागते. रांगेच्या टोकाबाहेर लिहिले तर पहारेकरी जागा होतो काय, शून्याने भागले तर काय घडते, मोकळी केलेली स्मृती पुन्हा वापरली तर कोण पकडतो, हे पाहावयाचे असेल, तर तो अपराध हेतुपुरस्सर करावा लागतो. कंपायलर बिचारा प्रामाणिकपणे सांगतो, की हा अपराध आहे. अशा वेळी त्याच्या प्रत्येक शब्दावर धावून जाणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटण्यासारखे होय.

परंतु चाचणीतील सगळेच इशारे ह्या जातीचे नसतात. काही इशारे असे असतात, की ते चाचणीच पोकळ असल्याची खबर देतात. सी भाषेतील अपेक्षा पडताळण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे असर्ट नावाचा मॅक्रो. एनडीबग हे नाव आधी जाहीर केले असेल, तर हा मॅक्रो भाषांतरातून संपूर्ण नाहीसा होतो, असा भाषेचाच नियम आहे. वेगवान आवृत्ती तयार करताना हे नाव सर्रास जाहीर केले जाते. त्याच व्यवस्थेत चाचण्याही तयार झाल्या, तर पडताळणीची वाक्ये उडून जातात. फंक्शनाचे उत्तर पेटीत ठेवले जाते, आणि ती पेटी पुढे कोणीच उघडत नाही. चाचणी चालते, यशस्वी म्हणून घोषित होते, आणि तिने काहीच तपासलेले नसते. २०११ साली निघालेल्या ग्नू कंपायलरच्या ४.६ ह्या आवृत्तीत, मूल्य ठेवले पण वापरले नाही अशा पेटीविषयी इशारा देण्याची सोय आली आणि डब्ल्यू-ऑलमध्ये ती सामील झाली. पोकळ चाचणीचा पत्ता लावणारा हा इशारा किरकोळ समजून बंद करणे फार सोपे असते. रिकामी जागा लपविण्यासाठी पेटी वापरल्याचा देखावा करणारी एक ओळ घातली, की आवाज थांबतो. आणि आवाजाबरोबर ती खबरही थांबते.

दुसरे उदाहरण तुलनेचे. ज्या पेटीत ऋण संख्या मावूच शकत नाही, तिच्यातील मूल्य शून्याहून कमी नाही ना, असे चाचणीने विचारले, तर उत्तर नेहमी होकारार्थीच येणार. कंपायलर सांगू शकतो, की ही तुलना सदैव खरी आहे. अर्थात ही चाचणी कधीच अनुत्तीर्ण होऊ शकत नाही. तिसरे उदाहरण दुर्लक्षिलेल्या उत्तराचे. ज्या फंक्शनाचे उत्तर तपासलेच पाहिजे, त्याच्यावर ग्नू कंपायलरमध्ये तशी खूण करता येते. अशी खूण असताना उत्तर टाकून दिले, तर इशारा येतो. आणि उत्तर नको असल्याचे नुसते लिहून दाखविल्यानेही तो थांबत नाही. चाचणीची पूर्वतयारी म्हणून फाइलीत काही लिहावयाचे आणि ते लिहिले गेले की नाही हेच पाहावयाचे नाही, तर पुढे येणाऱ्या निकालाला अर्थ काय राहिला? इशारा नेमके तेवढेच विचारीत असतो.

अर्थ न समजता इशाऱ्याचे तोंड बंद केल्यास काय किंमत पडते, ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण २००८ साली जगासमोर आले. ते कंपायलरच्या इशाऱ्याचे नसून त्याच्या भावंडाचे, म्हणजे प्रोग्राम चालू असताना त्याच्या स्मृतीच्या वापरावर नजर ठेवणाऱ्या व्हालग्राइंडसारख्या तपासनिसाचे आहे. डेबियन ह्या कार्यप्रणालीत ओपनएसएसएल हा गुप्तलेखनाचा संच वापरला जात असे. आरंभीचे मूल्य न घातलेली स्मृती वापरली जात आहे, अशी तक्रार हा तपासनीस करीत होता. ती थांबविण्यासाठी २००६ साली दोन ओळी काढून टाकण्यात आल्या. मूळ मजकुराच्या कर्त्यांच्या चर्चेत त्याविषयी विचारणाही झाली होती. दोन्ही ओळी दिसावयास सारख्याच होत्या. त्यांतील एक काढल्याने फारसे बिघडले नसते. दुसरी मात्र यदृच्छा संख्यांच्या निर्मितीत बाहेरून आणलेली सगळी अनिश्चितता मिसळणारी होती. ती गेल्यावर अनिश्चिततेचा एकच किरकोळ स्रोत उरला, तो म्हणजे चालू प्रक्रियेचा क्रमांक. आणि तो सुमारे ३२ हजारांपलीकडे जात नसे. अब्जावधींच्या अब्जावधी शक्यतांतून निवडली जावयाची किल्ली आता त्या एका आकाराच्या सुमारे ३२ हजार किल्ल्यांपैकी एक झाली. १३ मे २००८ रोजी हा दोष जाहीर झाला, तेव्हा डेबियन आणि तिच्यापासून निघालेल्या उबुंटूसारख्या प्रणालींवर मधल्या काळात तयार झालेल्या किल्ल्या बदलण्याचे काम असंख्य व्यवस्थापकांना करावे लागले. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

ह्या पार्श्वभूमीवर लिनक्सच्या गाभ्यातील अलीकडची एक हकीकत बोधप्रद आहे. सप्टेंबर २०२१मध्ये, ५.१५ ह्या आवृत्तीची जुळणी चालू असताना, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी गाभ्याच्या सर्व भाषांतरांसाठी डब्ल्यू-एरर आपोआप चालू राहील असा बदल केला. कोणताही इशारा आता भाषांतर थांबविणार होता. निरनिराळ्या यंत्ररचना आणि कंपायलरांच्या निरनिराळ्या आवृत्त्या ह्यांमुळे इतका गोंधळ उडाला, की थोड्याच दिवसांत तो नियम सौम्य करून केवळ भाषांतर तपासण्यासाठी होणाऱ्या जुळण्यांपुरता आपोआप लागू ठेवण्यात आला. परंतु त्या थोड्या दिवसांत पुष्कळ दुर्लक्षित इशारे उजेडात आले, आणि त्यांतील काही चाचण्यांच्या मजकुरातून आलेले होते.

ह्या चाचण्या केयुनिट नावाच्या चौकटीत लिहिलेल्या होत्या. ही चौकट लिनक्सच्या ५.५ ह्या आवृत्तीबरोबर जानेवारी २०२०मध्ये प्रसिद्ध झाली होती. इशारा असा, की अमुक एका फंक्शनाने स्टॅकवर फार जागा घेतली आहे. स्टॅक म्हणजे चालू फंक्शनांची तात्पुरती मूल्ये ठेवण्याची स्मृतीतील जागा. सामान्य प्रोग्रामाला ती ऐसपैस मिळते. गाभ्यात मात्र ती फार तुटपुंजी असते. इंटेलच्या चौसष्ट बिटांच्या रचनेवर ती २०१४ पर्यंत ८ किलोबाइट होती, त्यानंतर १६ झाली. म्हणून एका फंक्शनाने चौसष्ट बिटांच्या यंत्रावर २०४८ बाइटांहून आणि बहुतेक बत्तीस बिटांच्या यंत्रांवर १०२४ बाइटांहून अधिक जागा घेतली, तर कंपायलरने सांगावे, अशी व्यवस्था आहे. मर्यादा ओलांडून स्टॅक भरून वाहिला, तर गाभाच कोसळतो.

चाचण्यांनी इतकी जागा का घ्यावी? केयुनिटमध्ये अपेक्षेचे प्रत्येक वाक्य, चूक निघाल्यास काय सांगावयाचे ह्याची एक छोटी नोंद स्टॅकवर तयार करीत असे. एका फंक्शनात अशी वाक्ये पुष्कळ असली, तरी सामान्यतः कंपायलर त्या नोंदी एकाच जागेत आळीपाळीने बसवितो. परंतु स्ट्रक्टलीक नावाचे एक सुरक्षेचे उपांग चालू असेल, तर ते अशा नोंदींची जागा आधीच शून्यांनी भरून ठेवते, म्हणजे जुनी गुप्त माहिती चुकून बाहेर जाऊ नये. हेतू उत्तम, परिणाम असा, की सर्व नोंदी एकदमच जिवंत ठरतात आणि प्रत्येकीला स्वतंत्र जागा द्यावी लागते. चाचणी जितकी कसोशीची, तितका तिचा स्टॅक मोठा.

ह्यावर उपाय अनेक होते. मर्यादाच वाढविता आली असती. मग खऱ्या दोषांचाही पहारा ढिला पडला असता. इशारा बंद करता आला असता. मग स्टॅक तितकाच भरला असता, फक्त कोणाला कळले नसते. प्रत्यक्षात काय केले गेले? ज्या मोजक्या चाचण्यांत हा प्रकार घडत होता, तेवढ्यांपुरतेच ते उपांग बंद करण्यात आले. चाचणीच्या मजकुरात गुप्त माहिती गळण्याची भीती नाही, हे त्याचे कारण. ह्याने आवाज थांबला तो स्टॅक खरोखर लहान झाल्यामुळे. पुढे २०२२ साली केयुनिटच्या कर्त्यांनी त्या नोंदीच आटोपशीर केल्या आणि रोगाच्या मुळालाच हात घातला.

मौन धारण करण्याची योग्य रीतही ह्याच गाभ्यात पाहावयास मिळते. २०१८च्या अखेरीस निघालेल्या ४.२० ह्या आवृत्तीपर्यंत, चालता चालता लांबी ठरणाऱ्या रांगा गाभ्यातून हद्दपार झाल्या आणि त्यांच्याविषयीचा इशारा सर्वत्र चालू करण्यात आला. परंतु अशा रांगांवर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्याची परीक्षा घ्यावयाची, तर ती रांग लिहिलीच पाहिजे. म्हणून त्या पहारेकऱ्यांच्या चाचण्यांच्या एकेका फाइलीपुरताच, नावानिशी, तेवढा एकच इशारा बंद केलेला असतो. शेजारच्या फाइलीला त्याची झळ लागत नाही. २००६ साली आयबीएममधून आलेला लिनक्स कर्नल डंप टेस्ट मॉड्यूल तर गाभा मुद्दाम कोसळविण्यासाठीच आहे. तेथे अडचण उलटी असते. हुशार कंपायलर तो अपराध निरर्थक समजून भाषांतरातून गाळून टाकू शकतो, आणि मग परीक्षा कशाचीच होत नाही. म्हणून मूल्य कंपायलरच्या नजरेआड ठेवण्याच्या युक्त्या तेथे योजिलेल्या आहेत.

आणि एक क्षेत्र असेही आहे, की जेथे इशारा येणे हेच यश असते. कंपायलर लिहिणाऱ्यांना आपला इशारा योग्य ओळीवर निघतो की नाही, हे तपासावे लागते. ग्नू आणि क्लँग ह्या दोन्ही कंपायलरांच्या चाचण्यांत सदोष ओळीशेजारी शेरा लिहिलेला असतो, की येथे अमुक इशारा अपेक्षित आहे. इशारा आला नाही, तर चाचणी अनुत्तीर्ण. जॉन्सन ह्यांच्या लिंटमधील शेरा मौनाची आज्ञा देत होता. हा शेरा बोलण्याची आज्ञा देतो. दोहोंत समान गोष्ट एवढीच, की लिहिणाऱ्याने इशाऱ्याचा अर्थ आधी समजून घेतला आहे आणि आपला निर्णय त्याच जागी नोंदविला आहे.

ह्या पन्नास वर्षांच्या अनुभवाचे सार थोडक्यात सांगता येते. चाचणीतील इशारा दिसला, तर प्रथम विचारावे, की हा अपराध हेतुपुरस्सर केलेला आहे काय. तसा नसेल, तर चाचणी पोकळ असण्याचा संभव आहे आणि ती दुरुस्त केली पाहिजे. तसा असेल, तर तो एकच इशारा, त्या एकाच जागी, कारण लिहून बंद करावा. सगळे इशारे एका कळीने बंद करणाऱ्याला लांडगा आला रे आला ह्या गोष्टीतील गावकऱ्यांचे समर्थन करता येते, हे खरे. खोट्या हाकांना माणूस कंटाळतोच. परंतु त्या गोष्टीत शेवटी लांडगा खरोखर आला होता, आणि नुकसान झाले ते मेंढरांचे.